साध्या पाण्याची सुई

नरसिंग सूर्यवंशी जनावरांचा डॉक्टर होऊन औराद तालुक्यात परतला, तेव्हा हिंगणवाडीच्या बौद्ध वस्तीतली माणसं त्याला बघायला एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत आली होती. धम्म घेतल्यावर या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, ते कायमचं. त्यासाठी गावाचा राग सोसला, दुकानदारांनी माल द्यायचा बंद केला तेही सोसलं. आता त्याच वस्तीतला पोरगा जित्या जनावरांना हात लावणार होता, आणि गावातल्या बड्या घरांना त्याला अंगणात बोलवावं लागणार होतं. म्हाताऱ्यांना याचंच कौतुक जास्त होतं.

नरसिंगची नेमणूक बिदरला झाली. नौबादच्या पुढं, तांबड्या मातीच्या माळावर सरकारनं जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारं एक लहानसं केंद्र उघडलं होतं. चार खोल्या, दोन गोठे आणि एक विहीर. केंद्राचे प्रमुख शिवय्या नावाचे कलबुर्गीकडचे गृहस्थ होते. बोलणं मोजकं, घरात कन्नड, कचेरीत दख्खनी आणि नरसिंगशी मराठी. त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं एकाच रोगाच्या मागं घातली होती. गावाकडं त्या रोगाला कुणी 'डोळे येणं' म्हणतं, कुणी 'फूल पडणं'. जनावराच्या डोळ्यातून पाणी गळायला लागतं, माश्या घोंगावतात, त्याच माश्या एकाचा रोग दुसऱ्याला नेतात. मग बुबुळावर पांढरा टिक्का येतो आणि कधी डोळा कायमचा जातो. जनावर मरत नाही, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही. पण फूल पडलेल्या जनावराला बाजारात कुणी विचारत नाही.

शिवय्यांनी त्या रोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवले, मारले आणि त्यांची लस केली. सशांवर तिचा गुण दिसला होता. आता वासरांवर बघायचं होतं. रीत अशी होती, की निम्म्या वासरांना लस टोचायची आणि निम्म्यांना मिठाचं साधं पाणी. कुणाला काय मिळणार ते सोडतीनं ठरायचं. मग सगळ्यांच्याच डाव्या डोळ्यात जित्या जंतूंचा थेंब सोडायचा आणि कुणाचा डोळा टिकतो ते बघायचं.

केंद्राची स्वतःची वासरं पुरेनात. तेव्हा शिवय्यांनी नरसिंगला गावाकडून वासरं आणायला सांगितलं. चारापाणी सरकारचं, हंगाम संपला की वासरू परत. पण मालकांना सगळं समजेल अशा भाषेत सांगा, असं त्यांनी बजावलं.

नरसिंग हिंगणवाडीत घरोघर फिरला. बड्या शेतकऱ्यांनी हसून वाटेला लावलं. सरकारच्या दारात गेलेलं जनावर कधी परत आलंय का, असं ते म्हणाले. मग तो आपल्या वस्तीत आला. इथं त्याला समजवावं लागलंच नाही. आपला नरसिंग मागतोय एवढं पुरलं. 'लस टोचायची हाय, डोळ्याच्या रोगावरची,' एवढंच त्यानं सांगितलं. साध्या पाण्याचं सांगितलं नाही. डोळ्यात सोडायच्या थेंबाचंही सांगितलं नाही. त्या वेळी त्यानं मनाची समजूत घातली, की या माणसांना हे कळायचं नाही. खरं तर त्यांना ते चांगलं कळलं असतं, आणि कळल्यावर त्यांनी वासरं दिली नसती. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

सगळ्यात आधी कोंडाबाईनं दावं सोडून त्याच्या हातात दिलं. कोंडाबाई त्याच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. नरसिंग तिला मावशी म्हणायचा. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन सासरी, मुलगा हैदराबादेकडं वीटभट्टीवर, घरात एक गाय आणि गायीची तांबडी कालवड. ती कालवड तिनं घरच्या लेकीसारखी वाढवली होती, कण्या कालवून स्वतःच्या हातानं चारल्या होत्या. गाडीत चढवताना कालवड अडून बसली, तेव्हा कोंडाबाई तिच्या कानाशी लागून म्हणाली, "जा गं माय, आपल्याच माणसाकडं जायलीस."

केंद्रावर सोडत झाली. शिवय्यांनी डब्यातून दोन गटांचे, कानात अडकवायचे बिल्ले काढले. कोंडाबाईची कालवड लसीच्या गटात आली. नरसिंगला मनातून बरं वाटलं.

दोन दिवसांनी धोंडप्पाचा निरोप आला. धोंडप्पा म्हणजे हिंगणवाडीतलं मोठं लिंगायत घर. औरादला आडत, गावात बागायत. आधी त्यानंही नकारच दिला होता, पण सरकारी चारा फुकट मिळतोय म्हटल्यावर एक कालवड केंद्रावर पाठवून दिली होती. आता त्यानं नरसिंगला घरी बोलावलं. नरसिंग गेला आणि सवयीनं ओट्याखाली उभा राहिला. धोंडप्पा म्हणाला, "वर या की डॉक्टरसाहेब, खाली कामून थांबलाव?" त्यानं बाजेवर जागा करून दिली. आतून निलम्मा, धोंडप्पाची बायको, चहा घेऊन आली. बशीसकट चिनी मातीचा कप. घरातली माणसं पितात तोच.

या घराच्या मागच्या दारी नरसिंगच्या बापानं आयुष्यभर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं होतं. लहानपणी नरसिंगनंही घेतलं होतं. आता तो बाजेवर बसून त्या कपातला चहा पीत होता आणि चहाची चव त्याला कळत नव्हती.

धोंडप्पानं हळूच विषय काढला. त्याचा भाचा केंद्रावर चारा पुरवायचा, त्याच्याकडून त्याला दोन गटांचं कळलं होतं. त्याची कालवड पाण्याच्या गटात गेली होती. तो मोठ्या आवाजात काही बोलला नाही, दमदाटी केली नाही. फक्त म्हणाला, "आपलं माणूस तिथं असताना आमच्या जनावराला पाणी टोचावं, हे बरं दिसतं का अण्णा?"

अण्णा. धोंडप्पाच्या तोंडून. नरसिंग मानेनं हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टोचणीच्या आधी त्यानं दोन बिल्ले बदलले. लसीच्या गटातून एक जनावर काढायचं होतं, आणि त्याचा हात कोंडाबाईच्या कालवडीकडं गेला. दुसऱ्या कुणाकडं का गेला नाही, याचा त्यानं नंतर पुष्कळ विचार केला. उत्तर एकच येई. बाकी कुणी पुढं मागं जाब विचारला असता. मावशी विचारणार नव्हती.

लस टोचून झाली, काही आठवड्यांनी पुन्हा एकदा टोचली. मग थेंब सोडायचा दिवस आला. कोंडाबाईची कालवड माणसाळलेली होती. दुसरी वासरं चौघांना दाबून धरावी लागली, हिनं आपणहून नरसिंगच्या हातात तोंड दिलं. पापणी वर करून त्यानं थेंब सोडला. ती डोळा मिचकावत त्याचा हात चाटत राहिली.

लसीनं बऱ्यापैकी काम केलं. लस मिळालेल्या बहुतेक वासरांचे डोळे थोडे लाल होऊन निवळले. धोंडप्पाच्या कालवडीला तर काहीच झालं नाही. पाण्याच्या गटातल्या वासरांना मात्र रोगानं चांगलंच गाठलं. ठरल्याप्रमाणे त्यांना मलम सुरू झालं, बरीचशी बरी झाली. कोंडाबाईच्या कालवडीचा डोळा काही केल्या ऐकेना. नरसिंग स्वतः सकाळ-संध्याकाळ मलम घालायचा, डोळ्याला ऊन लागू नये म्हणून गोणपाटाची पट्टी बांधायचा. इतर डॉक्टर म्हणाले, सूर्यवंशी फार जीव लावतो. शेवटी बुबुळावर पांढरं फूल घट्ट बसलं आणि तो डोळा गेला.

पावसाळा सरल्यावर वासरं परत करायला तो गाडी घेऊन हिंगणवाडीत आला. वाटेत त्यानं कोंडाबाईला काय सांगायचं ते जुळवून ठेवलं होतं. पण तोंड उघडायची वेळच आली नाही. कोंडाबाईनं कालवडीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तो पांढरा डोळा बराच वेळ न्याहाळला, आणि पदरानं आपलेच डोळे पुसले. त्या साली गावात साथ जोरात होती. शेजारच्या दोन म्हशींचे डोळे गेले होते. तेव्हा तिनं आपल्या मनानंच हिशेब मांडला.

"तुझी सुई नसती तर दोन्ही डोळे गेले असते बग," ती म्हणाली. "एक तर वाचिवलास. लई उपकार झाले लेकरा."

तिनं त्याला बसवून घेतलं, गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, वर दह्याचा कवडा घातला. तो जेवला. वाढलेलं सगळं संपवलं, कारण उठून गेलो तर काहीतरी सांगावं लागेल, अशी त्याला भीती वाटली.

त्यानंतर कोंडाबाईनं त्याचं नाव गावभर केलं. पाणवठ्यावर, शेतात खुरपताना, लग्नाच्या मांडवात ती सांगायची, की आमच्या नरसिंगाच्या सुईनं कालवडीचा डोळा राखला. सुट्टीला घरी आलेल्या नरसिंगच्या कानावर आईनं ते कौतुकानं घातलं. आई सांगायची आणि तो अंगणात उठून जायचा. रविवारी विहारात वंदना व्हायची. सगळ्यांबरोबर तो पंचशील म्हणायचा. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीशी आलं की त्याचे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. शेजारी बसलेल्या ग्यानबानं एकदा विचारलं, घसा बसलाय का. तो हो म्हणाला. तेही खोटंच होतं.

पुढं उन्हाळ्याच्या तोंडाला कोंडाबाईची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. घरात पैसा लागणार होता. कोंडाबाईनं कालवड विकायची ठरवली आणि औरादच्या आठवडी बाजारात नेली. त्या दिवशी केंद्रातर्फे नरसिंगही बाजारात होता. जनावरांच्या बाजाराच्या कडेला लिंबाखाली टेबल टाकून तो आजारी जनावरं तपासत होता.

उदगीरकडचा पिराजी नावाचा एक शेतकरी कालवडीभोवती फिरत होता. अंगानं कालवड भरलेली, कास चांगली धरेल अशी. पण डोळ्याशी आलं की त्याचं मन मागं सरत होतं. एका डोळ्याला झालं ते उद्या दुसऱ्याला होईल, असं तो म्हणत होता. कोंडाबाईनं छातीवर हात ठेवला. हिनं सरकारी सुई घेतलीय, दुसऱ्या डोळ्याला आता जन्मात काही होत नाही, असं ती सांगू लागली. पिराजीला पटेना. मग तिची नजर लिंबाखाली गेली.

"माझ्यावर इस्वास नसंल तर त्या डाक्टरला इचार," ती मोठ्यानं म्हणाली. "आमचाच हाय. त्यानंच टोचलंय."

पिराजी दावं धरून टेबलापाशी आला. मागोमाग कोंडाबाई, आणि सौदा बघणारी चार-पाच रिकामी माणसं. कोंडाबाईच्या चेहऱ्यावर अभिमान होता. पिराजीनं विचारलं, ही बाई म्हणतेय ते खरं का.

नरसिंगनं नुसती होकाराची मान हलवायची होती. एवढ्यानं भागणार होतं. कालवड विकली गेली असती, मुलीचं बाळंतपण निघालं असतं. पण समोरचा माणूस त्याच्या शब्दावर दुभतं होऊ घातलेलं जनावर घेणार होता, आणि तो शब्द खोटा होता. हो म्हटलं तरी कुणाचा तरी घात, नाही म्हटलं तरी घातच. दोन्हीचं मूळ आपल्याच हातात आहे, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

"हिला लस दिलेली न्हाई," तो म्हणाला. "सुईत साधं पाणी होतं."

कोंडाबाईला नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. ती पुढं आली.

"काय बोलायलास नरसिंगा?"

"खरं तेच बोलायलाव मावशी. निम्म्या जनावरांना पाणीच टोचलं होतं. त्यात ही होती."

पिराजीनं दावं सोडून दिलं. कोंडाबाईकडं बघून तो इतकंच म्हणाला, की बाई, वयानं मोठ्या आहात, बाजारात असं खोटं सांगू नये. बघ्यांतला एक जण हसला. कोंडाबाई उभ्या जागी आकसली. तिनं पदर कपाळावर ओढला, खाली पडलेलं दावं उचललं, आणि नरसिंगकडं न बघता गर्दीतून वाट काढत निघाली. ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. त्या बाजारातही बोलली नव्हती. तरी खोटी ठरून तीच गेली, आणि खरं बोलून नरसिंग टेबलामागं खुर्चीवर बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी तो हिंगणवाडीला गेला. कोंडाबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. तिनं 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. तो समोर मातीत बसला. खाली बघतच त्यानं सुरुवात केली. कालवडीचा डोळा साथीनं गेला नव्हता, माशीनंही नाही, रोगाचा थेंब मीच माझ्या हातानं डोळ्यात सोडला, हे सांगितलं. कोंडाबाईचे हात थांबले. मग त्यानं सोडतीचं सांगितलं. धोंडप्पाच्या घरच्या चहाचं सांगितलं, बदललेल्या बिल्ल्यांचं सांगितलं. ते सांगताना एक वाक्य त्याला दोनदा सुरू करावं लागलं.

दारात उभी राहून पोटुशी मुलगी ऐकत होती. ती काहीतरी बोलायला गेली, तेव्हा कोंडाबाईनं हातानंच तिला गप्प केलं.

"धोंडप्पानं मागितलं, म्हणून तू दिलास," ती सावकाश म्हणाली. "म्या मागितलं न्हाई, म्हणून माझं काढून घेतलास."

मग तिनं विचारलं, "कप दिला म्हणून?"

"व्हय."

तिनं काडी मोडून ढिगावर टाकली. तिचा आवाज चढला असता, तिनं शिव्या दिल्या असत्या, तर नरसिंगला सोसायला सोपं गेलं असतं. तिनं त्यातलं काही केलं नाही. तुझ्या आईला यातलं सांगू नको, ती खचंल, एवढं मात्र म्हणाली. आणि त्यानं कालवड मी घेतो, म्हणाल तो भाव देतो, असं पुटपुटल्यावर तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. त्या नजरेनं त्याचं वाक्य अर्ध्यातच संपलं. तो उठला. गोठ्यात कालवड बांधलेली होती. त्याचा वास ओळखून ती चांगल्या डोळ्याची बाजू वळवून हंबरली. त्याला तिथून जाववेना आणि थांबवेना.

बिदरला परतल्यावर त्यानं शिवय्यांनाही सगळं सांगितलं. शिवय्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा राग आवाजात नव्हता. ते म्हणाले, तुमच्या दोन बिल्ल्यांमुळं आता बाकीचेही बदलले नसतील कशावरून, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? सगळा प्रयोग त्यांनी रद्द केला. दोन वर्षांची मेहनत बाजूला पडली. नरसिंगला त्यांनी कामावरून काढलं नाही, पण पुढं कितीतरी महिने त्याच्या हाती सिरिंज दिली नाही. बाटल्या उकळणं आणि ससे सांभाळणं, एवढंच काम. तो ते मुकाट करीत राहिला.

प्रयोग पुन्हा उभा राहिला तेव्हा वासरं मागायला शिवय्या स्वतः निघाले, आणि नरसिंगला बरोबर घेतलं. या खेपेला प्रत्येक दारात नरसिंगनंच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. निम्म्यांना पाणी असतं, डोळ्यात रोग आम्हीच घालतो, एखादा डोळा जाऊ शकतो. हिंगणवाडीत एकानंही वासरू दिलं नाही. वस्तीतली माणसं ऐकून घ्यायची, पाणी पाजायची आणि नाही म्हणून मान हलवायची. धोंडप्पानं तर दारातूनच हात जोडले. या वेळी वर या म्हणाला नाही. शेवटी सरकारनं बाहेरून वासरं विकत आणली. लस काही जनावरांना लागू पडली. पुढं निंबर्ग्याकडं वेगळ्या जातीच्या जंतूंची साथ आली, तिथं तिचा काही उपयोग झाला नाही. शिवय्या निवृत्त होईपर्यंत तिच्याच मागं होते.

कोंडाबाईनं कालवड विकली नाही. मुलीचं बाळंतपण कसं निभावलं, ते नरसिंगला कधी विचारता आलं नाही. कालवड वेळेवर गाभण राहिली, व्याली. तिची धार काढताना कोंडाबाई फुटक्या डोळ्याच्या बाजूला बसायची नाही, कारण त्या बाजूनं कुणी अचानक आलं की गाय बुजायची.

एका श्रावणात पुन्हा डोळ्यांची साथ आली. नरसिंग तेव्हा औरादच्या दवाखान्यात बदलून आला होता आणि मलम घेऊन गावोगाव फिरत होता. हिंगणवाडीत त्यानं सगळ्या गोठ्यांत जनावरं तपासली. कोंडाबाईच्या दारावरून मात्र तो मान खाली घालून पुढं गेला. वस्तीच्या टोकाला पोचला तेव्हा मागून हाक आली. नावानं नाही, नुसतं "ए डाक्टर."

फूल पडलेल्या त्या गायीच्या पाडीचा, तिच्या कोवळ्या कालवडीचा, डोळा गळत होता. कोंडाबाईनं पाडीचं तोंड स्वतःच्या काखेत घट्ट धरलं. दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही. नरसिंगनं पिशवीतून नळी काढली, तशी ती म्हणाली, "थांब. आधी सांग, यात काय हाय."

त्यानं सांगितलं. औषधाचं नाव, ते कशावर असतं, किती दिवस घालायचं, नाही लागू पडलं तर काय होईल, सगळं. तिनं नळी हातात घेऊन वास घेतला, त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग पाडीची पापणी आपल्याच बोटानं वर केली.

त्यानं मलम घातलं. उद्या परत येऊ का, असं त्यानं विचारलं. कोंडाबाई पाडीचं तोंड पुसत होती. नळी ठेवून जा, म्हणाली, मी घालीन. त्यानं नळी उंबऱ्यावर ठेवली, आणि तिला मावशी म्हणावं की म्हणू नये हे न सुचून, काही न म्हणताच निघाला.